चार्ज लावल्याशिवाय आत घेत नाहीत

जगातली कोणतीही गोष्ट कोणालाही समजावून सांगता येते, फक्त सांगणारा माणूस नरहरराव असला पाहिजे, अशी नरहररावांची स्वतःबद्दल पक्की समजूत होती. सरकारी कचेरीतली सारी नोकरी त्यांनी लोकांना एकच गोष्ट समजावण्यात घालवली होती, की तुमचा अर्ज इथे नाही, पलीकडच्या टेबलावर द्यायचा असतो. लोकही ते ऐकून समाधानाने पलीकडच्या टेबलाकडे जात. निवृत्तीनंतर टेबल गेलं, हौस मात्र राहिली. पिपरी मेघेतल्या त्यांच्या गल्लीत गॅसवाला सिलिंडर ठेवून धावत सुटायचा, तो काही उगाच नव्हे.

त्यांची एकुलती एक मुलगी इला गावाबाहेरच्या एका संशोधन संस्थेत होती. तिथे रेणूंचं वजन करणारं एक अवाढव्य मशीन होतं आणि ते बिघडलं की नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर यायचा. त्याचं नाव मिहिर. गेल्या वर्षात ते मशीन इतक्यांदा बिघडलं, की शेवटी इलाच्या आईने, म्हणजे शरयूताईंनी, पोळी लाटता लाटता विचारलं, "मशीन खरंच बिघडते का तू बिघडवते?" तेव्हा इलाने खरं काय ते सांगून टाकलं. लग्न करीन तर मिहिरशी, नाहीतर आहे तशी बरी.

मिहिरकडून सगळं ठीक होतं, एक त्याचे वडील सोडून. सदाशिवराव हे नाचणगावचे निवृत्त शिक्षक. माणूस सज्जन, पण पोलिसांना घाबरण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या देवळी तालुक्यात नव्हता. एकदा चुलतभावाच्या शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात ते साक्षीला गेले. वकिलाने दरडावून त्यांचं स्वतःचंच नाव पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते आठवेना. तेव्हापासून खाकी कपड्यातला पोस्टमन आला तरी ते मागच्या दाराने वाडीत जात. ज्या घरात पोलीस-कचेरीची भानगड, त्या घराशी सोयरीक नाही, हे मिहिरने लहानपणापासून ऐकलं होतं.

"म्हणून सांगते बाबा," पाहुणे यायच्या आदल्या दिवशी इला म्हणाली, "पोलीस, कोर्ट, केस हा विषयच काढू नका. काका नाई म्हणाले तर मिहिर त्यायच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाई. आणि मी त्याले करू बी देणार नाई." बोलताना तिचा आवाज जरा कापला. नरहररावांना आतून गलबलून आलं. ही पोरगी लहानपणी पडली तरी रडत नसे.

"तू चिंताच करू नको," ते म्हणाले. "बोलायचं माझ्यावर सोड."

"तेच तर सोडायचं नाई आहे," स्वयंपाकघरातून शरयूताई म्हणाल्या.

पण पाहुणे पोरीच्या कामाबद्दल विचारणारच, आणि बापाला सांगता आलं नाही तर कसं दिसेल, असं म्हणून नरहररावांनी इलाला धरून बसवलं. इलाने आईची मण्यांची माळ टेबलावर ठेवली.

"हे पाहा बाबा. प्रथिन म्हणजे ही माळ समजा. कोणता मणी कोणाच्या मागे, ते मले ओळखायचं आहे. पण माळ डोळ्याले दिसत नाई, तिचं फक्त वजन करता येते. म्हणून पहिले तिले चार्ज द्यायचा. चार्ज नसला तर मशीन तिले आत घेतच नाई."

"बिनतिकिटाच्या अर्जासारखं," नरहरराव म्हणाले.

"तसंच समजा. मग एका वजनाच्या माळा तेवढ्या वेगळ्या काढायच्या, बाकीच्या बाहेर. त्या तोडायच्या, तुकड्यायचं वजन करायचं, आणि त्यावरून मूळची माळ कशी होती ते सांगायचं. तोडायच्या पद्धती आहेत. एक सीआयडी. त्यात माळ वायूवर आदळत राह्यते, तापते, आणि जिथं कच्ची असते तिथं तुटते. पण माझ्या माळेले हे असं लटकन आहे. आदळआपट केली की सगळ्यात आधी तेच गळून पडते, मग ते कोणत्या मण्याले होतं ते कळत नाई. दुसरी पद्धत ईटीडी. त्यात मारझोड नाई. एक इलेक्ट्रॉन अलगद हातावर ठेवायचा, की माळ तुटते आणि लटकन जागेवर राह्यते. फक्त तिले दोन तरी चार्ज लागतात."

"समजलं," नरहरराव म्हणाले, आणि दुर्दैव असं, की त्यांना खरंच समजलं होतं.

रविवारी सकाळी संस्थेतून फोन आला, की मशीनवर कोणाची तरी पाळी रिकामी झाली आहे, हवी असेल तर आत्ता या. अशी पाळी महिनोन् महिने मिळत नाही. "पाहुणे यायच्या आत येते," म्हणून इला गाडीला किक मारून गेली, आणि पाहुणे आले तरी आली नाही.

पाहुणे पांढऱ्या मोटारीतून उतरले. पुढे सदाशिवराव, मागे त्यांची पत्नी यशोदाबाई हातात लोणच्याची बरणी घेऊन, आणि शेवटी मिहिर. मंडळी बसली. कामाला येणाऱ्या मंदाबाईने पाणी दिलं. ऊन फार आहे, यंदा कापसाला भाव नाही, पुलगावचा रस्ता खराब आहे, हे सगळं बोलून झालं. मग यशोदाबाईंनी दाराकडे पाहत विचारलं, "पोरगी दिसून नाई राह्यली?"

तेवढ्यात नरहररावांच्या फोनवर इलाचा निरोप आला. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी तो मोठ्याने वाचला. "बाबा, सीआयडीत अडकली आहे. काहीच बोलत नाई. सुटली की येते."

मिहिर काहीतरी सांगायला पुढे सरकला, पण त्याच क्षणी त्याचाही फोन वाजला. पलीकडे इलाच होती. "एक मिनिट हं काका, मशीनचं आहे," म्हणत तो वऱ्हांड्यात गेला. त्या घरात सीआयडी म्हणजे काय हे नीट जाणणारा, आणि थोडक्यात सांगू शकणारा, एवढाच एक माणूस होता. तो बाहेर गेला आणि समजावून सांगण्याचं काम नरहररावांकडे आलं.

"सीआयडी?" सदाशिवरावांनी हळू आवाजात विचारलं.

"घाबरू नका," नरहरराव हसले. "अडकली म्हणजे कामात अडकली. तीच तर करते ते."

"तुमची पोरगी सीआयडीत आहे?"

"सीआयडी करते. ही सीआयडी वेगळी. मी तुमाले समजावून सांगतो." त्यांनी मांडी बदलली. शरयूताईंनी डोळ्यांनी खूप खुणावलं, पण नरहरराव समजावू लागले की त्यांना फक्त समोरचा माणूस दिसत असे. "पहिले काय करते, का चार्ज लावते. चार्ज लावल्याशिवाय आत घेताच येत नाई."

"बरोबर आहे," सदाशिवराव म्हणाले. त्यांनाही नियम माहीत होता.

"आत घेतलं की त्याले बाकीच्यायपासून वेगळं काढते. बंद जागेत ठेवते. मग आदळते."

"आदळते?"

"आदळून आदळून तापवते. जिथं कच्चा असला तिथं तुटतेच. कोणी बी असो. मग त्या तुकड्यायवरून हा मूळचा कोण, कुठून आला, त्याच्या मागं कोण, पुढं कोण, सगळं सांगते."

"पण जीव राह्यते का त्याच्यात?" यशोदाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. त्यांना खरंच माहिती हवी होती.

"जीव कायचा? मशीनपर्यंत येईस्तोवर त्याले कापून, गाळून आणलेलं असते."

सदाशिवरावांनी पाण्याचा पेला उचलला, आणि तो रिकामा आहे हे न कळून प्याले. त्यांची नजर दाराकडे गेली, तिथून भिंतीवरच्या इलाच्या पदवीदानाच्या फोटोकडे. काळ्या झग्यातली ती हसरी मुलगी त्यांना आता वेगळीच दिसू लागली होती.

"आणि तरी नाई बोलला तर?"

"तर मग ईटीडी."

"ईडी बी येते?"

"ई-टी-डी. त्यात मारझोड नाई. हातावर अलगद काहीतरी ठेवायचं."

"म्हणजे... देवाणघेवाण?"

"देवाणच. ते हातावर पडलं की एक चार्ज कमी होते आणि गडी आपोआप तुटते. पण हे ज्याच्यावर एकच चार्ज आहे त्याच्यासाठी नाई. दोन-तीन असले पाह्यजे. जेवढे चार्ज जास्त, तेवढं चांगलं."

हे सगळं शास्त्राच्या दृष्टीने अगदी खरं होतं, हे इथे नरहररावांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. शरयूताईंनी "पोहे घ्या ना," म्हणून मध्ये बशी सरकवली, पण पोह्यांनी थांबण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. कारण वऱ्हांड्यातून मिहिरचा आवाज आला. मशीन अडलं होतं आणि तो इलाला फोनवरून सांगत होता.

"सोडू नको त्याले. एनर्जी वाढव... अजून वाढव... गॅस चालू आहे ना? मग आदळू दे. काय निघालं? फक्त लटकन? बाकी काईच नाई?"

सदाशिवरावांनी बायकोचा हात धरला. पोटचा पोरगा.

"हा बी त्यायच्यात आहे," ते पुटपुटले.

"म्हणूनच ओळख झाली त्यायची," नरहरराव कौतुकाने म्हणाले. "हिच्यानं काम झालं नाई तर मिहिरराव येते. मग बरोबर होते."

आता सदाशिवरावांच्या डोक्यात काय झालं असेल ते सांगणं अवघड नाही. ज्या माणसाला साध्या वकिलासमोर स्वतःचं नाव आठवलं नव्हतं, तो चार्ज लावणाऱ्या सुनेची वाट पाहत बसला होता, आणि बाहेर त्याचा मुलगा एनर्जी वाढवत होता. ती आल्यावर विचारेल, त्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढा हिशेब त्यांनी केला. त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे पाहा नरहरराव, मी काई लपवत नाई."

डबीत चष्मा नव्हता. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, पन्नीत बांधलेला, नुकताच घोटलेला. वास सगळ्या खोलीत पसरला.

"तुम्ही सोडला होता ना?" यशोदाबाई म्हणाल्या. "माहूरले जाऊन देवीसमोर शपथ घेतली होती."

"घेतली होती. येतानी बसस्टँडवरच..." सदाशिवरावांना पुढे बोलवेना. पण एक तुकडा पडल्यावर बाकीचे पडायला वेळ लागला नाही. "पोराची उंची परिचयाच्या कागदावर पाच फूट आठ इंच लिहिली, ती बुटासकट. मोटार आमची नाई, शेजारच्या प्रेमदासची आहे. डिझेल भरून द्याच्या बोलीवर आणली. आणि मी आदर्श शिक्षक म्हणून सांगतो, तो पुरस्कार मले नाई भेटला. त्या समारंभात मी खुर्च्या लावल्या होत्या. फोटोत आलो."

यशोदाबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी लोणच्याची बरणी पुढे ढकलली. "माझं बी लिहून घ्या. हे मी घातलेलं नाई. बहिणीचं आहे."

नरहररावांना आपल्या समजावण्याचा असा परिणाम आयुष्यात कधी पाहायला मिळाला नव्हता. काहीतरी बिनसलं आहे हे त्यांना अंधुक जाणवलं, पण ते नेमकं काय हे कळेना. शरयूताईंना मात्र सगळं कळलं होतं, आणि लोक इतके मोकळे होत असताना आपणच काय म्हणून झाकून ठेवायचं, असं त्यांच्या मनात आलं.

"मग आमचं बी ऐका," त्या म्हणाल्या. "पोरीले वरणभाताच्या पुढं काई येत नाई. हे पोहे मी केले, चिवडा दुकानातला आहे. आणि हे घरात कोणाले बोलू देत नाईत."

"मी?" नरहरराव म्हणाले.

अशा कबुल्या चालल्या असताना अर्धा तास गेला आणि फाटक वाजलं. इला धापा टाकत आत आली, चेहरा उन्हाने लाल, पण डोळे चमकत होते. मागोमाग, तिची वाट पाहत वऱ्हांड्यातच थांबलेला मिहिर, फोन खिशात टाकत. "बोलला!" तिने दारातूनच सांगितलं. "सीआयडीनं नुसतं लटकन पाडलं. मग ईटीडी लावली, तेव्हा सगळं सांगितलं त्यानं."

सदाशिवराव उठून उभे राहिले. "मी बी सगळं सांगितलं आहे, बाई," ते म्हणाले. "आता काई राह्यलं नाई."

इलाने वडिलांकडे पाहिलं. चष्म्याच्या डबीकडे पाहिलं. पुन्हा वडिलांकडे पाहिलं, आणि पाहुण्यांना काय समजावून सांगितलं गेलं असेल याचा तिला पुरता अंदाज आला. मिहिरने कपाळावर हात मारला.

"बाबा, ते पोलीस नाईत," तो म्हणाला. "प्रथिनं तोडायची पद्धत आहे ती. कपाशीवरची गुलाबी अळी राह्यते ना, तिच्या पोटातली प्रथिनं."

"अळी?"

"हो. बोंडअळी."

सदाशिवरावांनी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी अळीसाठी खर्रा काढून दिला?"

त्यांचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला. घाबरलेल्या माणसाची समजूत काढता येते, पण ज्याचं हसं झालं त्याची काढता येत नाही, आणि हे नरहररावांनाही दिसलं. सदाशिवरावांनी डबी खिशात टाकली. "चला," ते बायकोला म्हणाले. "ज्या घरात मास्तराची अशी शोभा होते, तिथं आपल्याले पाणी नाई प्याचं." इलाचं हसू मावळलं. मिहिर खाली पाहू लागला. नरहररावांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेना. पोरीचा संसार आपण वीस मिनिटांच्या बोलण्यात मोडला, एवढंच त्यांना कळत होतं.

पण यशोदाबाई उठल्या नाहीत. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षाच्या संसारात मी तुमाले गोड बोलून विचारलं, रडून विचारलं, देवीपुढं नेलं. खरं निघालं नाई. इथं हे नुसतं नाव ऐकून तुम्ही डबी काढून ठेवली. मले हीच सून पाह्यजे. पोलिसात नसली तरी चालते."

"यशोदा, अगं..."

"काका," इला पुढे आली. तिने त्यांच्या हातातली डबी न मागता घेतली आणि बंद करून टेबलावर ठेवली. "बाबायचं चुकलं नाई, माझंच चुकलं. निरोप धड लिहिला नाई मी. आणि खरं सांगू का, तुमचं जसं झालं तसंच आज माझ्या नमुन्याचं झालं. आदळआपट केली की जे नाजूक असते ते आधी गळते, आणि कामाचं काहीच कळत नाई. म्हणून मी आज सीआयडी सोडून दिली."

सदाशिवराव दारात थांबले. "काय केलं?"

"सीआयडी सोडून दिली."

"कायमची?"

इलाने मिहिरकडे पाहिलं. "या कामापुरती तरी कायमची."

सदाशिवरावांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते परत आले आणि खुर्चीवर बसले. "मग पहिले नाई का सांगायचं," ते म्हणाले. "सोडून दिली म्हणते तर मग माझी काय हरकत असणार. पोरगी गुणाची आहे." अळीचं त्यांना समजलं होतं की नाही, हे विचारायची कोणाला छाती झाली नाही. यशोदाबाईंनी इलाला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या कानाशी लागून विचारलं, "पण लागली तर परत लावता येते ना?"

"येते ना," इला म्हणाली. "बटणच आहे."

मग पोहे गरम करून आले, बहिणीचं लोणचं निघालं, आणि दिवाळीनंतरचा मुहूर्त पाहायचं ठरलं. प्रेमदासची मोटार वळून दिसेनाशी होईपर्यंत नरहरराव फाटकात उभे होते. आत आल्यावर त्यांनी इलाच्या डोक्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. ते पाहून शरयूताईंनी त्यांना न मागता चहा दिला.

आपण यापुढे कोणालाही काहीही समजावून सांगायचं नाही, असं त्यांनी त्या संध्याकाळी मनाशी पक्कं ठरवलं, आणि रात्रभर तो निश्चय टिकलाही.

सकाळी उठून बाहेर आले, तर फाटकाशी पलीकडच्या गल्लीतले बाबाराव हात जोडून उभे. बोरगाव मेघेच्या बाजूला त्यांचं शेत होतं. त्यांच्या मागे आणखी दोघं जण होते, त्यातल्या एकाच्या हातात सायकलचं नुसतंच हँडल होतं.

"मंदाबाई सांगे का पोरगी सीआयडीत लागली," बाबाराव म्हणाले. "चार्ज लावून आत घेते, आदळते, अन् तुकड्यावरून मूळ माणूस हुडकते. साहेब, माझी विहिरीवरची मोटर चोरीले गेली आहे. गावातलाच आहे कोणीतरी. तेवढं पोरीले सांगता का?"

नरहररावांनी दीर्घ श्वास घेतला. "बाबाराव, ती सीआयडी वेगळी," हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. त्यामागून माळ आली, मणी आले, लटकन आलं. मग त्यांनी घराकडे वळून पाहिलं. खिडकीत शरयूताई उभ्या होत्या.

नरहररावांनी फाटक उघडलं.

"या, बसा," ते म्हणाले. "किती हॉर्सपॉवरची होती?"